अकरा नंबरच्या चुलीवरची भाकरी

आमचे नारायणआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. बसा म्हणा, पाणी घ्या म्हणा, काही उपयोग नाही. दारात चपला काढायच्या, सरळ चुलीपाशी जायचं, टाचा उंचावून वरच्या वाशावरून बोट फिरवायचं आणि बोटाला लागलेली काजळी नाकाशी धरायची. मग निकाल. "शेणी. आन् त्यात ओली बाभळ. ओली जाळतीस व्हय गं? लिहून घे, आधी आठ दिस उन्हात टाकायची." घरची बाई बिचारी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी.

'लिहून घे' हे त्यांचं पालुपद. निपाणीच्या एका हायस्कुलात आप्पा हस्तकला शिकवायचे आणि मी मराठी. ते निवृत्त झाले, पण फळा काही डोक्यातून गेला नाही. समोर वही असो-नसो, महत्त्वाचं वाक्य झालं की 'लिहून घ्या'. एकदा एसटीत कंडक्टरला म्हणाले, तर तो खरंच कानावरचं पेन काढायला लागला. गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आणि शाळेत खुर्चीला खुर्ची लागून. ह्या माणसाचं मी जेवढं ऐकून घेतलंय तेवढं त्यांच्या बायकोनंही घेतलं नसेल, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

माझ्या भाचीला चिकोडीकडचं स्थळ आलं होतं, तेव्हाची गोष्ट. घर बघायला आम्ही चार माणसं निघालो. वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून आप्पांना बरोबर घेतलं. घ्यायला नको होतं! मुलगा समोर बसलाय, पोह्यांच्या बशा आल्यात आणि आप्पा गायब. पाच मिनिटांनी आतून आले ते काळं बोट वर करून. "पोरगा ब्येस हाय. शेतीबी ब्येस हाय. पर पोरगी द्यायची न्हाय. आत धुराला वाट न्हाय." माझ्या भावाच्या घशात पोहे अडकले. मुलाचा बाप आधी लाल झाला, मग जरा थांबून म्हणाला, "आन् वाट केली तर?" आप्पांनी तिथल्या तिथं खिशातून टेप काढली. पंधरा दिवसांत त्या घरावर धुराडं उभं राहिलं आणि लग्न पार पडलं. भाची माहेरी आली की आधी आप्पांच्या पाया पडते, मग माझ्या. हे मला आजही खटकतं.

उजेडाचं खूळ ह्याहून निराळं. ज्या घरांना खिडकी नाही त्यांच्या पत्र्याला भोक पाडायचं आणि त्यात पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाटली बसवायची. अर्धी बाटली वर, अर्धी घरात. दिवसा दिवा लावल्यासारखा उजेड पडतो. पडतो, खोटं कशाला बोलू? बिड्या वळणाऱ्या बायका अंधाऱ्या खोलीत डोळे फोडून घेत होत्या, त्यांना ह्या बाटल्यांचा फार आधार झाला. माझ्या न्हाणीतही एक बसवली. पहिल्याच पावसात तिच्या कडेनं अशी धार लागली की आंघोळीला वेगळं पाणी घ्यायचं कारण उरलं नाही. तक्रार केली तर म्हणाले, "उजीड पडतोय का न्हाय तेवढं सांगा बाई. पान्याचं खातं येगळं."

पण हे सगळं फावल्या वेळचं. मूळ वेड चुलीचं, आणि ते लागलं गंगाक्कामुळे.

गंगाक्का म्हणजे आप्पांची बायको. माहेर बेळगावात, शहापूरला. घरात माग आणि स्वयंपाक स्टोव्हवर. लग्न होऊन आमच्या गावात आली आणि आठव्या दिवशी सासूनं तिला तंबाखूच्या खुंटांवर भाकरी भाजायला बसवलं. आमच्याकडं तंबाखू काढून झाली की रानात राहिलेली वाळकी खुंटं जळणाला आणतात. त्यांचा धूर एकदा छातीत गेला की बघायलाच नको. ती पोरगी खोकत खोकत परसात येऊन पडली. आप्पांनी तिला पाणी पाजलं आणि आईच्या देखत म्हणाले, "तुला बिनधुराची चूल करून देतो." चारचौघांत नव्या नवऱ्यानं बायकोशी बोलायचे ते दिवस नव्हते. हे सांगताना गंगाक्का अजून पदर तोंडावर घेते.

तेव्हापासून आप्पांना एकच ध्यास. हिच्या नाकात धूर जाता कामा नये. शाळा सुटली की माती, विटा, पत्रे, नळ्या. चुलीला नाव नाही, नंबर. तीन नंबरला दोन धुराडी होती आणि दोन्हींतून पाऊस आत यायचा. सहा नंबर लोखंडी, तिला चाकं. ती एकदा उतारावरून आमटीसकट मारुतीच्या देवळापर्यंत गेली. आठ नंबरनं धूर अगदी पक्का ओढला आणि सगळाच्या सगळा माझ्या खिडकीतून माझ्या स्वयंपाकघरात सोडला. मी भिंतीवरून ओरडले, "आप्पा, मी मेले हो!" तर पलीकडून आनंदानं, "बाई, आमच्यात कायसुदिक न्हाय! एक कण न्हाय!"

एखादा नंबर फसला की चार दिवस जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मग पहार घेऊन चूल फोडायची आणि नवी रचायला घ्यायची. तोवर गंगाक्का परसात न्हाणीच्या मागं तीन दगड मांडून स्वयंपाक करायची. "तात्पुरतं हाय गं," आप्पा म्हणायचे. मी तिला चिडवायची, "आक्का, तुझ्या नवऱ्यानं तुला बिनधुराची चूल दिली नाही, पण बिनचुलीचं घर मात्र दिलं." ती हसायची. गॅस आला तसा त्यांच्याकडंही आला, पण त्याच्यावर चहा आणि पाहुण्यांचा शिरा. गॅसवरची भाकरी आप्पांना चालायची नाही. घास तोंडात घेतला की म्हणायचे, "ही भाकरी न्हाय, पुठ्ठा हाय."

आणि मग झाली अकरा नंबर.

सिमेंटची, देखणी, दोन भांडी बसतील अशी. धुराडं पत्र्याच्या वर दोन हात. पुढचं तोंड मुठीएवढं, त्यातून बारीक लाकडं सारायची. "तोंड जेवढं बारीक तेवढा धूर कमी, लिहून घ्या." आणि खरंच, धूर नाही! आमटी झाली, भात झाला, पाणी तापलं. आप्पांनी बेळगावच्या एका संस्थेला पत्र टाकलं आणि चूल बघायला तिथून सहा-सात माणसं जीपमधून येणार असं ठरलं. म्हणाले, त्यांना पिठलं-भाकरी ह्याच चुलीवरची वाढायची; पहिली भाकरी त्यांच्यासाठीच, तोवर परसातल्या दगडांवर.

त्या सकाळी नऊच्या सुमारास गंगाक्का पिठाचा गोळा काटवटीत घेऊन मागच्या दारानं माझ्याकडं आली. चेहरा पांढराफटक. "बाई, भाकरी फुगंना झालीया."

आता ज्यांनी कधी चुलीवर भाकरी भाजली नाही त्यांना सांगते. भाकरी नुसत्या तव्यावर होत नाही. दोन्ही बाजू तव्यावर झाल्या की ती उतरवायची आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढं उभी करायची. त्या आराची झळ लागली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. मुठीएवढ्या तोंडातून आर बाहेर ओढणार कसा आणि भाकरी उभी करणार कुठं? अकरा चुली केल्या ह्या माणसानं. धुराचा, लाकडाचा, वाऱ्याचा हिशेब केला. भाकरी कुठं शेकायची हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण जन्मात एक भाकरी भाजली नव्हती.

"सांग की त्यांना," मी म्हटलं.

"आता? जीप यायच्या येळंला? चारचौघांत मान खाली जाईल त्येंची. परत चार दिस जेवनार न्हाईत." आणि ती माझ्या जुन्या चुलीपुढं बसली. पंचवीस भाकरी भाजल्या. मीच त्या बुट्टीत घालून, पदराखाली झाकून, मागच्या दारानं तिच्या घरात नेऊन ठेवल्या. मला त्यात गंमत वाटत होती. बाई म्हणून वर्गात खरं बोला, खरं बोला करून घसा फोडणारी मी!

पाहुणे जेवले. व्वा म्हणाले, फोटो काढले, आप्पांना हार घातला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हे माझ्या घरधनिणीचं यश हाय. तिनं सोसलं म्हणून ही चूल झाली." गंगाक्का दाराआड उभी होती. त्यानंतर ती कुठल्या तोंडानं सांगणार?

झालं. आप्पा गावोगाव अकरा नंबर बांधत सुटले. सकाळी आठला सायकलवर करण्या-थापी लावून निघायचे. "माझी मंडळी रोज हिच्यावरच भाकरी करती," हे प्रत्येक दारात सांगायचे. आणि इकडं ते वळणाआड गेले की गंगाक्का काटवट घेऊन न्हाणीच्या मागं. कधी ते घरी असले तर ती भिंतीवरून मला हाक मारायची. मी आप्पांना कुठलीशी वायर तुटल्याचं सांगून माझ्याकडं बोलावून घ्यायची आणि ते वायर शोधेपर्यंत तिच्या भाकरी व्हायच्या. माझ्या घरातली एकही वायर कधी तुटली नव्हती. एवढी हुशार बाई मी!

बाकीच्या गावांतल्या बायका तरी काय करत होत्या? त्यांनीही अकरा नंबर ठेवली आमटीपुरती, पाणी तापवण्यापुरती, आणि भाकरीला आपली जुनी चूल कोपऱ्यात मांडली. एकीनं तिच्यात कांदे भरून ठेवले होते, एकीच्या चुलीत मांजर व्यालेलं. आप्पा बघायला यायचेत असं कळलं की कांदे बाहेर, मांजर बाहेर आणि चूल पेटलेली. म्हातारा माणूस, उन्हातान्हातून येतो, त्याचं मन कशाला मोडा? एकही बाई त्यांना वाईट बोलली नाही आणि एकीनंही खरं सांगितलं नाही.

नऊ वर्षं असं चाललं.

गंगाक्काचा खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसाचा झाला. अंगणातून चालत माझ्या दारापर्यंत आली की उंबऱ्यावर बसून श्वास जमवायची. शेवटी आप्पा तिला निपाणीला डॉक्टरकडं घेऊन गेले. मीही गेले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "वर्षानुवर्षं धुरात बसल्यात ह्या. आता चुलीपुढं बसायचं नाही." आप्पा भडकले. "ओ डॉक्टर, आमच्यात धूर न्हाय! गावोगावचा धूर मी बंद केला. माझ्या घरात कुठनं यील धूर?" डॉक्टर तरुण होते, औषधं लिहायला लागले. आप्पा बाहेर येऊन मला म्हणाले, "लहानपनी बिड्या वळल्या असतील तिनं. ती तंबाखूची धूळ." गंगाक्का खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजरेनंच नको म्हटलं. तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. नऊ वर्षांतल्या सगळ्या दिवसांतला तो एक दिवस मला परत मिळावा असं फार वाटतं.

तेव्हापासून गंगाक्का बाजेवर आणि आप्पा चुलीपुढं. सत्तरीच्या उंबऱ्यावर माणूस पहिल्यांदा भाकरी थापायला बसला. पहिली तुटली. दुसरी परातीला चिकटली. तिसरी तव्यावर पडली, पण वातड. आठवडाभर वातड. मी म्हटलं, "मी देत जाईन दोघांच्या." तर म्हणाले, "माझ्या चुलीवर तिनं नऊ वरसं केल्या, मला जमंना म्हंजे काय?" वाटलं पीठ जुनं असेल, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल. नवी ज्वारी आणली. गिरणी बदलली. तवा बदलला. पाणी गरम, पाणी कोमट, पाणी गार. गंगाक्का प्रत्येक वेळी दुधात कुस्करून खायची आणि म्हणायची, "चांगली झालीया की."

एका सकाळी ते माझ्या सोप्यात आले. स्वयंपाकघरात नाही गेले, उभेच राहिले. हाताला पीठ. "बाई, दोष हाताचा न्हाय. ह्या चुलीवर भाकरी फुगूच शकत न्हाय. आर भाईर येत न्हाय. कुनाचीबी फुगनार न्हाय." मग हळूच म्हणाले, "मग ही कुठं भाजत हुती?"

माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. मी परसाकडं बोट केलं.

न्हाणीच्या मागं ते तीन दगड होते. आप्पांनी ते रोज बघितले होते. अकरा नंबर झाल्यावर तिथं आता नुसतं पाणी तापत असेल म्हणून सोडून दिले होते. ते तिथं जाऊन तिच्या पाटावर बसले. न्हाणीच्या पत्र्याची कड इतकी खाली की डोकं वाकवूनच बसावं लागत होतं. कडेला तंबाखूच्या खुंटांची मोळी अजून तशीच.

"ही खुंटं? घरात लाकूड हुतं की. मी फोडून ठिवायचो."

"ते ती तुमच्या चुलीला राखून ठेवायची," मी म्हटलं. "बघायला माणसं यायची ना. चांगलं जळण असलं की धूर दिसत नाही."

"आन् पावसात?"

"पोतं घ्यायची डोक्यावर."

आप्पा उठले आणि बाजेपाशी गेले. मी दारात थांबले. मला जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"मला का न्हाय सांगितलंस?"

गंगाक्कानं श्वास जमवला. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी कवा इचारलासा?"

आप्पांनी बाज उचलून चुलीसमोर आणली. मी एक बाजू धरली. त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि ते अकरा नंबरचं तोंड फोडायला बसले. एक घाव घालायचे आणि वळून विचारायचे, "एवढं?" गंगाक्का बाजेवरून म्हणायची, "आजून चार बोटं." परत घाव. "आता?" "खाली जरा सपाट करा. आर पसराय जागा पायजे." मग पत्र्याची एक सरकती झडप कापली. भाकरी शेकायची तेव्हा वर, बाकी वेळ खाली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. चुलीबद्दल त्यांनी तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. दुपारचं ऊन अंगणातून सरकायच्या आत काम संपलं. एवढंसं काम होतं ते. एका दुपारचं.

चूल पेटली. धूर वर गेला, आर पुढं आला. गंगाक्का म्हणाली, "मला बसवा." आप्पा म्हणाले, "डॉक्टरनं न्हाय म्हटलंय." ती म्हणाली, "धूर कुठं हाय?" तिला धरून पाटावर बसवलं. तिनं गोळा घेतला, थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरापुढं उभी केली. टम्म फुगली हो! मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. गंगाक्कानं मात्र सवयीनं पदर घेऊन डोळे पुसले. डोळ्यांत धूर नव्हता, तरी पुसले. दुसरा गोळा घ्यायला हात पुढं केला आणि तिथंच धाप लागली. आम्ही तिला उचलून बाजेवर ठेवलं. बाकीच्या भाकरी आप्पांनी केल्या. तिची ती एकच.

आता आप्पा परत सायकलवर गावोगाव जातात, बांधलेल्या चुलींची तोंडं मोठी करायला. दारात जाऊन आधी हात जोडतात आणि म्हणतात, "माझं चुकलं हुतं." बायका लाजतात, कांदे बाहेर काढतात.

त्या दुपारी ते मला सोडायला दारापर्यंत आले होते. हाताला सिमेंट आणि पीठ दोन्ही. "बाई, धूर तिनं खाल्ला आन् हार मी घालून घितला."

"आप्पा, माझंही चुकलं. मी नऊ वर्षं गप्प बसले."

"तुमाला तिनं गप ऱ्हायला सांगितलं हुतं," ते म्हणाले. "मला न इचारायला कुनी सांगितलं हुतं?"

आतून खोकल्याचा आवाज आला तसे ते वळले. तिच्या औषधाची वेळ झाली होती.